नदीच्या वळणावरचे विद्यापीठ

अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेल्या आपल्याकडील वडीलधाऱ्यांचा प्रवासक्रम आता जवळजवळ ठरून गेला आहे. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि वेळ उरलाच तर शिकागोचे सरोवर. इंडियाना राज्य या क्रमात बसत नाही; ते मोटारीच्या काचेतून पाहायचे आणि मक्याची शेते संपली की संपले असे मानायचे. माझी भाची त्या राज्याच्या उत्तर टोकाला साउथ बेंड या गावी नोकरीनिमित्त राहायला गेली, म्हणून शिकागोहून मीही तिकडे वळले. तेथे पाहण्यासारखे काय, असे विचारता ती म्हणाली, “मावशी, एक विद्यापीठ आहे आणि एक बंद पडलेला कारखाना आहे. दोन्ही बघ, म्हणजे गाव कळेल.” इतक्या थोडक्यात इतके नेमके स्थलवर्णन मी क्वचितच ऐकले असेल.

शिकागोहून साउथ बेंडला विजेवर चालणारी एक जुनी आगगाडी जाते. ती सरोवराच्या कडेने, पोलादाच्या गिरण्यांच्या पाठीमागून, वाळूच्या टेकड्यांजवळून धावते. वाटेत कुठेतरी घड्याळ एक तास पुढे सरकते. शिकागोची वेळ निराळी, साउथ बेंडची निराळी. सेंट जोसेफ नावाची नदी येथे दक्षिणेकडे येऊन एकदम वळते व पुन्हा उत्तरेस निघून जाते. या दक्षिणेकडच्या वळणावरूनच गावाला नाव पडले. नदीपासून थोड्या अंतरावर, दोन तळ्यांच्या काठी, ‘नोटर डेम’ हे कॅथलिक विद्यापीठ वसलेले आहे. शब्द फ्रेंच, अर्थ ‘आमची माता’, म्हणजे मेरी. पण उच्चार खास इंडियानाचा. फ्रेंच पद्धतीने ‘नोत्र दाम’ म्हटले, तर तेथील दुकानदार आपल्याकडे जरा दयेने पाहतो.

२६ नोव्हेंबर १८४२ रोजी एडवर्ड सोरिन हे अठ्ठावीस वर्षांचे फ्रेंच धर्मगुरू, ‘होली क्रॉस’ संघातील काही बांधवांसह, बर्फातून येथे येऊन पोहोचले. तळी खरी दोन. परंतु बर्फाने सारे एकसारखे झाकलेले असल्यामुळे त्यांना एकच तळे दिसले, आणि म्हणून संस्थेच्या मूळ नावात ‘तळ्याची माता’ असा एकवचनी उल्लेख राहिला, असे तेथे सांगतात. १८४४ साली राज्याची सनद मिळाली. १८७९ च्या एप्रिलमध्ये मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नवी इमारत उभी राहून वर्ग सुरू झाले. आपले स्वप्न फार लहान होते म्हणूनच मातेने ते जाळले, असे सोरिन म्हणाल्याची आख्यायिका आहे. आज त्या इमारतीवर सोन्याच्या वर्खाचा घुमट आहे व घुमटावर मेरीची मूर्ती. ऊन्ह पडले की तो मैल दोन मैलांवरून चमकतो. हे सोने पाहून मला प्रथम थोडे अवघडल्यासारखे झाले, हे लपवीत नाही. शिक्षणाच्या डोक्यावर सोने कशाला? पण आपल्या देवळांचे कळस आठवले आणि मी गप्प राहिले.

या भूमीचा त्याआधीचाही इतिहास आहे. हा प्रदेश पोटावाटोमी या मूळ रहिवाशांचा. सोरिन येण्यापूर्वी अवघी चार वर्षे, १८३८ मध्ये, त्यांच्यातील आठशेहून अधिक लोकांना शिपायांच्या पहाऱ्यात इंडियानातून कॅन्ससपर्यंत चालवीत नेण्यात आले. वाटेत चाळीसएक माणसे दगावली, त्यांत मुलेच फार. पोकागॉन यांच्या नेतृत्वाखालील एक कॅथलिक झालेली शाखा तेवढी जवळच्या मिशिगनमध्ये टिकून राहिली. मुख्य इमारतीच्या दर्शनी दालनात लुइजी ग्रेगोरी या इटालियन चित्रकाराने १८८० च्या दशकात कोलंबसाच्या आयुष्यावर बारा भित्तिचित्रे काढली. त्या काळी इटलीहून, आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांना कोलंबस हा आपला माणूस वाटे. हा देश आपलाही आहे, हे सांगण्याची ती एक रीत होती. पण मूळ रहिवाशांना ती चित्रे कशी दिसत असतील? २०१९ मध्ये विद्यापीठाने ती झाकण्याचे ठरविले आणि पुढे त्यांवर काढता-घालता येणारी आच्छादने बसविली. ना पुसली, ना उघडी ठेवली. हा तोडगा काहींना भेकडपणाचा वाटतो. मला तो समंजस वाटला.

कारण अमेरिकेत कॅथलिक हे दीर्घकाळ परकेच मानले गेले, हे विसरून या विद्यापीठाचा अर्थ लागत नाही. १९२० च्या दशकात इंडियानाच्या राजकारणावर कू क्लक्स क्लॅन या संघटनेची घट्ट पकड होती, आणि तिचा रोष काळ्यांबरोबरच ज्यू व कॅथलिकांवरही होता. मे १९२४ मध्ये क्लॅनने साउथ बेंडलाच मेळावा भरविला, तेव्हा नोटर डेमचे शेकडो विद्यार्थी रस्त्यावर उतरले व चांगलीच हातघाई झाली. त्याच वर्षी या विद्यापीठाचा फुटबॉल संघ, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा, एकही सामना न हरता देशभर गाजत होता. त्याचे शिक्षक क्नूट रॉकनी हे मूळचे नॉर्वेचे, आणि तरुणपणी येथेच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. ज्यांच्या हाताखाली ते काम करीत, ते फादर ज्युलियस न्यूलँड हे वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र या दोहोंत पारंगत असे धर्मगुरू होते. त्यांच्या ॲसिटिलीनवरील संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर निघाले. गिरणीत राबणाऱ्या आयरिश किंवा पोलिश बापाला यांतले रबर कळत नसे, खेळ कळे. शनिवारी रेडिओवर सामना जिंकला की त्याची मान ताठ होई. स्वप्रांताबाहेर गणेशोत्सव आणि ग्रंथालय उभे करून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना ही मान ताठ होण्याची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आजच्या नोटर डेमवर सर्वांत मोठा ठसा आहे तो फादर थिओडोर हेसबर्ग यांचा. १९५२ ते १९८७ अशी सलग पस्तीस वर्षे ते अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ साली, स्त्रियांना पदवीवर्गात प्रवेश मिळाला. १९५७ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलेल्या नागरी हक्क आयोगाचे ते आरंभापासून सदस्य होते, १९६९ मध्ये त्याचे प्रमुख झाले, आणि निक्सन यांच्या सरकारवर टीका केल्यामुळे १९७२ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. १९६४ साली शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावरील सभेत ते मार्टिन ल्यूथर किंग यांचा हात हातात धरून उभे आहेत, असे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यांनी उभारलेले उत्तुंग ग्रंथालय १९६३ मध्ये उघडले. त्याच्या दक्षिण भिंतीवर रंगीबेरंगी दगडांचे तुकडे जुळवून केलेले, १३४ फूट उंचीचे ख्रिस्ताचे चित्र आहे. ख्रिस्ताचे दोन्ही हात वर. आणि समोरच क्रीडांगण असल्यामुळे, गुण मिळाल्याची खूण करणाऱ्या पंचासारखे ते दिसतात. विद्यार्थ्यांनी त्या चित्राला दिलेले टोपणनाव खेळातलेच आहे आणि धर्मगुरूही ते हसून वापरतात. हेसबर्ग २०१५ मध्ये वारले. त्यांची समाधी इतर होली क्रॉस बांधवांच्या ओळीत, तशाच एका साध्या क्रुसाखाली आहे; स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बांधवाचा क्रूस आणि त्यांचा क्रूस यांत फरक नाही. ती ओळ मी दोनदा चालून पाहिली.

परंतु मला या लेखात सांगायचे आहे ते घुमट आणि ग्रंथालय यांच्या आसपास वाढलेल्या ‘केंद्रां’विषयी. विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विभाग येतात: इतिहासाचा, रसायनाचा, कायद्याचा. केंद्र हे त्याहून वेगळे. एखादा प्रश्न मध्ये ठेवायचा आणि त्याच्याभोवती निरनिराळ्या विभागांची माणसे बसवायची, अशी ती कल्पना. नोटर डेमला अशी केंद्रे व संस्था पुष्कळ आहेत. सर्वांत जुन्यांपैकी एक १९४६ ची, मध्ययुगाच्या अभ्यासाची. मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या सूक्ष्मचित्रफिती तिच्याकडे आहेत. लॅटिन येणाऱ्यांनी तेथे महिना काढावा. मी पाऊण तासात बाहेर पडले. १९८२ ची केलॉग संस्था लोकशाही व मानवी विकास यांचा, विशेषतः लॅटिन अमेरिकेचा, अभ्यास करते.

क्रॉक संस्थेपाशी मात्र मी रेंगाळले. मॅकडोनल्ड उपाहारगृहांचे साम्राज्य उभारणाऱ्या रे क्रॉक यांच्या पत्नी जोन क्रॉक यांनी अण्वस्त्रांच्या धोक्यावरील हेसबर्ग यांचे भाषण ऐकले आणि साठ लाख डॉलर दिले. त्यातून १९८६ मध्ये शांतताविषयक अभ्यासाची ही संस्था निघाली. २००३ मध्ये मृत्युपत्राने त्यांनी आणखी पाच कोटी डॉलर ठेवले. शांततेचा अभ्यास म्हणजे कबुतरे व प्रार्थना असा माझा समज होण्याजोगा होता, पण तेथील काम हिशेबनिसाचे आहे. जगातील यादवी युद्धे मिटविणारे करार घ्यायचे, त्यांतील प्रत्येक कलम सुटे करायचे, आणि कोणते पाळले, कोणते कागदावर राहिले, हे वर्षावर्षाने मांडायचे. या कामाची कीर्ती अशी झाली की २०१६ मध्ये कोलंबियाचे सरकार व फार्क हे बंडखोर यांच्यात पन्नासहून अधिक वर्षांच्या रक्तपातानंतर करार झाला, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचे काम करारातच या संस्थेकडे सोपविले गेले. त्या करारातील ५७८ वचने त्यांनी वेगळी काढली. शेतजमीन, मतदान, शस्त्रे खाली ठेवणे, बेपत्ता माणसांचा शोध. प्रत्येकापुढे ‘सुरू नाही’, ‘थोडे’, ‘मध्यम’, ‘पूर्ण’ असा शेरा. शस्त्रे लवकर खाली ठेवली गेली, जमिनीचा प्रश्न रेंगाळला. हे वाचून, कूळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

सामाजिक प्रश्नांचे केंद्र १९८३ मध्ये फादर डॉन मॅकनील यांनी स्थापिले. आता त्याला संस्थेचा दर्जा आहे. तेथील एक जुना उपक्रम म्हणजे ‘अर्बन प्लंज’, शब्दशः शहरात मारलेली बुडी. नाताळच्या सुट्टीत विद्यार्थ्याने आपल्याच गावाजवळच्या मोठ्या शहरात अठ्ठेचाळीस तास घालवायचे. कोठे? बेघरांच्या निवाऱ्यात, अन्नछत्रात, मोडकळीला आलेल्या वस्तीतल्या शाळेत. आधी वाचन, नंतर लेखन व चर्चा. त्याचे श्रेयांक मिळतात. अशाच पद्धतीने ॲपलाचियाच्या खाणींच्या मुलखात आठवडा, उन्हाळ्यात आठ आठवडे. अठ्ठेचाळीस तासांत दारिद्र्य कळते काय, ही शंका मी तेथे बोलून दाखविली. उत्तर असे आले की दारिद्र्य कळत नाही. आपले घर त्या वस्तीपासून किती मैलांवर होते व आपण तेथे कधीच कसे गेलो नव्हतो, एवढे कळते. हे उत्तर मला पटले, अर्धेच. पाहून परत येणारा आणि तेथेच राहणारा यांतील अंतर श्रेयांकांनी कमी होत नाही. मात्र पाहणे हा अभ्यासाचा भाग आहे, दानधर्माचा नव्हे, हा त्यांचा आग्रह मोलाचा आहे. त्याच्याच पुढची पायरी १९९३ मध्ये आखलेली शिक्षकांची योजना: पदवी घेतलेले तरुण दोन वर्षे गरीब भागांतील कॅथलिक शाळांत शिकवितात, गटाने एका घरात राहतात आणि उन्हाळ्यात शिकून शिक्षणशास्त्राची पदवी मिळवितात. दोन वर्षे म्हणजे बुडी नव्हे.

आता तो बंद पडलेला कारखाना. स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये साउथ बेंडला लोहारकामाचे दुकान काढले. त्यातून घोड्यांच्या गाड्या, पुढे मोटारी. गावातील निम्म्या घरांची चूल जणू त्या एका भोंग्यावर पेटत होती. डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचे मोटार उत्पादन बंद झाले. हजारो कामगार घरी बसले, आणि त्यांतल्या अनेकांना कबूल केलेले निवृत्तिवेतनही मिळाले नाही. १९७४ साली अमेरिकेत निवृत्तिवेतनाच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागे या घटनेचा मोठा वाटा होता. तारखा पाहा: ज्या वर्षी टेकडीवर भव्य ग्रंथालय उघडले, त्याच वर्षी खाली गावात भोंगा थांबला. पुढची तीस-चाळीस वर्षे विद्यापीठ वाढत गेले व गाव आकसत गेले. एकाला अब्जावधी डॉलरांचा निधी, दुसऱ्याकडे फळ्या ठोकलेली घरे. मध्ये अंतर फक्त एका रस्त्याचे.

तो रस्ता ओलांडण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत १९८८ मध्ये विद्यापीठाच्या साहाय्याने सुरू झालेले बेघरांचे केंद्र येते, आणि २००१ मध्ये ईशान्येकडील वस्तीत उघडलेले रॉबिन्सन केंद्र येते. रॉबिन्सन हे नाव कोणा देणगीदाराचे नव्हे. वस्तीतील मुलांसाठी झटणाऱ्या रेनेल्डा रॉबिन्सन या बाईंचे ते आहे. मला हे फार आवडले. ज्या देशात बाकावरही देणगीदाराचे नाव कोरतात, तेथे एवढ्या श्रीमंत विद्यापीठाने आपल्या घराला शेजारणीचे नाव द्यावे! तेथे शाळेनंतर मुलांचा अभ्यास घेतात, बालवाडी आहे, नव्याने आलेल्या परदेशी लोकांना इंग्रजी शिकवितात, म्हातारी माणसे व्यायामाला येतात, आणि मुलांची एक मंडळी चक्क शेक्सपिअरची नाटके करते. एका पोराने आरशात पाहत ओळी घोकताना मला पाहिले व जराही न लाजता पुढे चालू ठेवले.

मी बडोद्याची, त्यामुळे ते सारे पाहताना सयाजीराव महाराज आठवले नसते तरच नवल. महाराज १९०६ मध्ये अमेरिकेला गेले, तेथील सार्वजनिक वाचनालये पाहून प्रभावित झाले, आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले. पुस्तके लोकांकडे नेली पाहिजेत, लोक पुस्तकांकडे येण्याची वाट पाहत बसायचे नाही, म्हणून लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालये खेडोपाडी जाऊ लागली. जेथून ती कल्पना आपल्याकडे आली, तेथे शंभराहून अधिक वर्षांनी तिचे दुसरे रूप पाहताना, ओळखीच्या घरी आल्यासारखे झाले.

तुरुंगातील महाविद्यालयाबद्दल मी फक्त ऐकले. तेथे पाहुण्यांना असेच आत सोडीत नाहीत. शेजारच्या होली क्रॉस महाविद्यालयाबरोबर नोटर डेम २०१३ पासून वेस्टव्हिलच्या तुरुंगात वर्ग चालविते, आणि बंदी तेथे रीतसर पदवी मिळवितात. प्राध्यापक तेच, अभ्यासक्रमही तोच दर्जाचा.

हे सगळे धर्मप्रसारासाठी चालते काय? हा प्रश्न आपल्याकडील वाचकांच्या मनात येणारच, आणि तो विचारण्यात गैर नाही. जे मी पाहिले त्यात कोणाला त्याचा धर्म विचारल्याचे दिसले नाही. खरा झगडा वेगळाच आहे, आणि तो आतला आहे. १९६७ मध्ये लँड ओ’लेक्स येथे हेसबर्ग व इतर कॅथलिक शिक्षणतज्ज्ञ जमले आणि विद्यापीठाला चर्चच्या सत्तेपासूनही विचारस्वातंत्र्य हवे असे त्यांनी जाहीर केले. १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी नियमावली काढून दोरी पुन्हा थोडी ओढली. २००९ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना पदवीदान समारंभाला बोलावून सन्माननीय पदवी दिली, तेव्हा गर्भपाताविषयीच्या त्यांच्या मतांमुळे अनेक बिशप संतापले व निदर्शने झाली. अध्यक्ष फादर जेंकिन्स यांनी निमंत्रण मागे घेतले नाही. श्रद्धा सोडायची नाही आणि प्रश्न विचारणेही सोडायचे नाही, ही कसरत तेथे रोज चालते; ती नेहमी जमते असे नाही.

आणि दुसरा झगडा त्या रस्त्याचा. विद्यापीठाच्या दक्षिणेला, एडी स्ट्रीटवर, आता दुकाने, उपाहारगृहे, देखणी नवी घरे उभी राहिली आहेत. फळ्या ठोकलेल्या घरांची जागा बागांनी घेतली. गाव त्या बाजूला खरोखर सुधारले. पण घरांच्या किमती चढल्या, त्यांच्याबरोबर कर चढले, भाडी चढली. आणि ज्या कुटुंबांसाठी केंद्र निघाले त्यांतली कितीतरी नदीपलीकडे निघून गेली. शेजाऱ्यासाठी दार उघडावे आणि त्या उघड्या दारामुळेच शेजार महाग व्हावा, ही गोष्ट कोणाच्या वाईट हेतूने घडलेली नाही. म्हणूनच ती सोडविणे अवघड आहे.

माझी भाची मंगळवारी दुपारी रॉबिन्सन केंद्रात एका तिसरीतल्या मुलाची गणिते घेते. मी गेले त्या दिवशी तो उशिरा आला. पूर्वी तो दोन गल्ल्या पलीकडून चालत येई. घर विकले गेल्यापासून त्याला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. भागाकार अर्धा झाला तोच परतीच्या बसची वेळ झाली. भाचीने उरलेली उदाहरणे एका कागदावर काढून दिली, त्याने तो दप्तरात घातला, आणि पुढच्या मंगळवारी येतो असे सांगून तो धावत सुटला.